वाचनालय सगळ्यांचं, मग रजिस्टरात तीच ती आडनावं का?

पांदणवाट (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं सचिवपद यंदा माझ्या गळ्यात पडलं. शासनमान्य, क वर्ग, म्हणजे अ ते ड या दर्जांत खालून दुसरं. स्वतःची इमारत नाही, ग्रामपंचायतीच्या माडीवर दोन खोल्या आहेत. लेखापरीक्षणासाठी कागद लावताना सभासद नोंदवही पहिल्या पानापासून वाचली. गावात बौद्धपुरा आहे, बंजारा तांडा आहे, नाल्यापलीकडे कोलामांचा पोड आहे आणि फाट्यावर पारधी बेडा. नोंदवहीत मात्र गावठाणातली आठ-दहा आडनावं आलटून पालटून. तांड्यावरचे दोन शिक्षक सोडले तर बाकीचं गाव त्यात नाहीच.

बायकांची नावं आहेत, नाही असं नाही. पण देवघेव वहीत त्यांच्यापुढच्या सह्या पाहिल्या. एकाच निळ्या पेनानं, एकाच वळणाच्या, पानभर. म्हणजे तपासणीच्या आधी कोणीतरी बसून केलेल्या.

कार्यकारी मंडळात विषय काढला, तर उत्तर मिळालं, "दार उघडं आहे, कोणी अडवलं का?" अडवलं कोणीच नाही. पण अनामत आहे, जामीनदार लागतो, आणि जामीनदार जुना सभासदच पाहिजे. वेळ सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते सात. कापूस वेचणीच्या दिवसांत या वेळेला माडी चढून कोण येणार?

मला भाषणं नकोत, आमच्याकडे वाचन प्रेरणा दिनाला भरपूर होतात. कोणाच्या गावात हे बदललं असेल तर नेमकं काय केलं, कोणाला सोबत घेतलं आणि कुठं अडलं, तेवढं सांगा.

झुणका_वऱ्हाडी

बाप्पा, तुमी त लयच मोठा इषय काढला. आमच्या गावातलं वाचनालय म्हंजे सकाळी पेपर वाचाले अन् संध्याकाळी राजकारण कराले. माह्या मायनं थ्या पायऱ्या कधी चढल्याच नाईत. इचारलं त म्हने, "थे मानसाइचं हाय."

अन् एक इचारतो. तुमच्या ग्रंथपालाले महिन्याले भेटते किती? आमच्या इथला गडी दिवसा किराणा दुकानात बसते अन् मंग वाचनालय उघडते. त्याले सांगान का बेड्यावर पुस्तकं घेऊन जा, त थो तुमाले हात जोडन.

कपाट नं. ७ (निवृत्त ग्रंथपाल)

झुणकाभाऊंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, सगळं तिथंच अडतं.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. तमिळनाडू-कर्नाटकासारखा ग्रंथालय कर आपल्या कायद्यात नाही, म्हणून सगळी भिस्त सरकारी अनुदानावर. संस्था खासगी विश्वस्तांची, पैसा सरकारचा, असा हा कारभार. अनुदानाचा निम्मा वाटा पगारात जातो, उरलेल्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज. २०१२ मध्ये महसूल खात्यानं वाचनालयांची पडताळणी केली, त्यानंतर दर्जावाढ (वरच्या वर्गात जाणं) गोठली आणि अनुदानाचे दरही बरीच वर्षं जागचे हलले नाहीत. २०२२ च्या शेवटी ६० टक्के वाढ मंजूर झाली, पण ड आणि क वर्गाला मुळात मिळतच किती होतं? वाढ धरूनही ग्रंथपालाला शेतमजुराएवढी रोजी पडत नाही.

सचिवसाहेब, तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. अनामत आणि जामीनदार या अटी सरकारनं तुमच्यावर लादलेल्या नाहीत, संस्थेच्या घटनेत किंवा नियमावलीत आहेत. आधी घटना काढून वाचा. आकडा घटनेतच असेल तर घटनादुरुस्ती लागेल आणि ती धर्मादाय कार्यालयातून फिरून येईस्तोवर पुढची निवडणूक येईल. आकडा मंडळावर सोपवलेला असेल तर एका ठरावात काम होतं. बहुतेक जुन्या संस्थांत तो मंडळाकडेच असतो आणि कोणाला ठाऊक नसतं.

दुसरं, मतदान कोणाला आहे ते पाहा. आजीव सभासद म्हणजे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पैसे भरलेले लोक. पुस्तकं कोणती घ्यायची, वेळ काय ठेवायची, हे तेच ठरवतात आणि त्यातले निम्मे आता पुण्या-नागपुरात राहतात. आमच्या काळात आम्ही ग्रंथप्रदर्शनं भरवली, दिंड्या काढल्या, पण मतदारयादीला हात लावायचं कोणी मनावर घेतलं नाही.

मृगबहार (वरुड)

एक वेगळं मत मांडतो, राग नसावा. वाचनालयानं पुस्तकं द्यावी. जातपात मोजत बसलो तर जे चाललंय तेही बंद पडेल. आमच्याकडे वाचनालयाची अभ्यासिका केली, आता पोलीस भरती आणि एमपीएससीची पोरं रात्री अकरापर्यंत बसतात. सगळ्या जातीची आहेत, कोणी विचारत नाही. याहून मोठी समता कोणती?

पिंपळपार

जय भीम.

मृगबहारभाऊ, तुमच्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत मुली किती असतात?

आता धाग्याच्या विषयावर. आमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे आणि विहारातही आहे. विहारातलं शासनमान्य नाही, अनुदान नाही, दोन लोखंडी कपाटं. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणारा प्रत्येक जण येताना पुस्तकं आणतो. नागपूरला त्या दिवसांत पुस्तकांची केवढी विक्री होते ते डोळ्यांनी पाहिलंय. माझी आजी अंगठेबहाद्दर होती, पण रिकाम्या हातानं परतली नाही. नातवाकडून वाचून घ्यायची.

त्यामुळे "त्यांच्यात वाचनाची आवड निर्माण करायची" ही भाषा कानावर आली की डोकं फिरतं. आवड आहे, पण तुमच्याकडं येत नाही, हा मुद्दा आहे. का येत नाही? माझे वडील तरुणपणी एकदा गेले होते. पुस्तक दिलं, नाही असं नाही. पण कपाटाला हात लावू दिला नाही, "कोणतं पाहिजे सांगा, मी काढतो" म्हणाले. दुसऱ्या सभासदांना कपाट मोकळं होतं. पुन्हा ते त्या दारात गेले नाहीत आणि आम्हालाही कधी पाठवलं नाही. आज तिथं तसं कोणी करत नसेल. पण १४ एप्रिलला फोटोला हार घालता तेव्हा मागच्या कपाटात बाबासाहेबांची स्वतःची किती पुस्तकं आहेत ते मोजा. आमच्या इथं एक होतं, तेही शासनाच्या संचातून आलेलं, जोडलेली पानंही न कापलेलं.

पांदणवाटभाऊ, आम्हाला तुमच्याकडं "आणू" नका. तुमची एक पेटी विहारात ठेवा, आमची एक तुमच्याकडं ठेवा. दोन महिन्यांनी अदलाबदल. पेटीत काय यावं ते आमची पोरं ठरवतील. आणि मंडळात जागा द्या, निमंत्रित म्हणून सतरंजीच्या कडेला बसवायला नाही, मतासकट.

पांदणवाट

पिंपळपारदादा, कपाटाची गोष्ट वाचून आमच्या इथली रचना आठवली. आमच्याकडे आजही टेबल आडवं लावलेलं आहे, कपाटं टेबलाच्या मागं. पुस्तकं चोरीला जाऊ नयेत म्हणून, असं कारण सांगतात. पण मंडळातले लोक टेबलाला वळसा घालून आत जातात.

मतासकट जागेचं मंडळात निघेल तेव्हा काय होईल ते दिसतंच आहे. तरी मांडतो.

सीआरपी_ताई (अमरावती जिल्हा)

मी उमेदमध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, सीआरपी (गावपातळीवरची कार्यकर्ती) आहे. माझ्याकडं गावातले बचत गट आहेत. वाचनालयवाल्यांनी आम्हाला आजवर एकाच कामासाठी बोलावलं, ८ मार्चला खुर्च्या भरायला. 😀

आमच्या गावात गटाच्या बैठकीत पुस्तकांची पिशवी फिरते. सुरुवात वाचनालयानं नाही केली, आमच्यातल्या एका अंगणवाडीताईनं केली. तिच्याकडं लहान मुलांची गोष्टीची पुस्तकं होती, ती बैठकीला आणायची. बाया म्हणाल्या, आमच्यासाठी पण आण. तेव्हा वाचनालयाकडं गेलो. तिथले ग्रंथपालदादा चांगले, त्यांनी विचारलं, "कोणती पाहिजे?" आम्ही म्हटलं, तुम्हीच द्या. त्यांनी पाककृतीची आणि व्रतवैकल्याची दिली. पुढच्या बैठकीला जशीच्या तशी परत!

मग विचारून विचारून यादी केली. काय निघालं पाहा. सोयाबीनवरच्या किडीचं रंगीत चित्रांचं पुस्तक. सातबारा आणि वारसाचा फेरफार कसा करायचा ते. शिलाईचं मापाचं. शेळीपालनाचं. एका म्हाताऱ्या आजीला मोठ्या अक्षराचं भजनाचं. आणि एक नवीन सून, बारावी झालेली, तिला इंग्रजी बोलायचं पुस्तक, पण कोणाला सांगायचं नाही या अटीवर. ते पुस्तक आम्ही वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलं. कादंबऱ्या नंतर आल्या आणि आल्या तशा थांबल्याच नाहीत. एका कादंबरीच्या मधल्या पानांवर हळदीची बोटं आहेत, त्यावरून कळतं की ती चुलीजवळ वाचली गेली.

देवघेव आमच्या गटाच्या वहीतच, बचतीच्या रकान्याशेजारी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुलीचं नाव शेजारी, कारण घरात ती वाचून दाखवते. पुस्तक हरवलं तर गट भरून देतो. अनामत नाही, जामीनदार नाही. कर्ज वेळेवर फेडणाऱ्या बायका पुस्तक बुडवतील का हो?

पांदणवाटदादा, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, कायद्यात आहे. तुमच्या गावात ती कागदावर होते की खरी, माहीत नाही. पण वाचनालयाची वेळ बदलायचा ठराव तिथून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते बहुतेक गावांत मार्चमध्ये काहीतरी वस्तू घेऊन संपवतात. मुलांच्या पुस्तकांसाठी त्यातून मागता येतं का, हे आमच्या ग्रामसेवकाला विचारलं. आधी म्हणाले असं कधी केलं नाही. बायका ठराव घेऊन समोर बसल्या, मग म्हणाले बघतो. आणि बघितलं!

मृगबहार

मुलींचा प्रश्न पिंपळपारभाऊंनी बरोबर विचारला. रात्री नसतात. दुपारी येतात, पण तेव्हा वीज नसते आणि पत्र्याखाली मे महिन्यात बसवत नाही. मान्य.

पण भरतीच्या पोरांना बाहेर काढून तिथं गोष्टीची पुस्तकं ठेवा असं कोणी म्हणत असेल, तर विरोध राहील. गावातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला नोकरी हाच रस्ता दिसतो.

कपाट नं. ७

पोरांना बाहेर काढा असं इथं कोणी म्हटलेलं नाही. पण माझा अनुभव सांगतो. अभ्यासिका सुरू झाली की लहान मुलं गप्प बसवली जातात, म्हातारे पेपर घेऊन पारावर जातात, बाया तर येतच नाहीत. वाचनालयाची खोली एका वयाच्या पोरांची होते. वेळा वाटून घ्या. दुपारी मुली आणि बाया, संध्याकाळी तासभर लहान मुलं आणि त्यांचा गोंधळ, रात्री भरतीवाले. आणि त्या बदल्यात भरतीच्या पोरांकडून आठवड्यातून एक तास घ्या, लहान मुलांना वाचून दाखवायला किंवा म्हाताऱ्यांचे अर्ज भरून द्यायला. आमच्या तालुक्यात एका ठिकाणी हे चाललं, दुसरीकडे पहिल्या महिन्यातच मोडलं, कारण पोरांना विचारलंच नव्हतं, हुकूम सोडला होता.

"हे वाचनालयाचं काम आहे का" याचं उत्तर नवीन नाही. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा १९४९ चा, पुढे १९९४ आणि २०२२ मध्ये सुधारलेला. वय, वंश, लिंग, धर्म, भाषा, सामाजिक स्थान काहीही असो, सेवा सर्वांना सारखी, आणि ज्यांना नेहमीची सेवा वापरता येत नाही त्यांच्यासाठी खास सोय करायची, असं त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे तर सयाजीरावांनी बडोद्यात १९१० पासून ग्रंथालयांचं जाळं विणलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. म्हणजे पेटीची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

मोहफूल (गडचिरोली)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, गाव जंगलातलं, घरोघरी गोंडी.

इकडं "वेळ" या विषयावर आधी बोलावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पहाटे सगळं घर रानात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पावसाळ्यात रोवणी. बाहेरून कोणी कार्यक्रम आखतो तो बरोबर या दिवसांत आखतो आणि मग "लोकांचा प्रतिसाद नाही" असा अहवाल लिहितो. तिकडं अमरावतीच्या धारणी-चिखलदऱ्यात कोरकू लोक कामाला बाहेर जातात, होळीला गावात येतात. तिथं वाचनालयाचं वर्ष होळीपासून मोजलं पाहिजे.

भाषेचं तर विचारू नका. पहिलीतल्या पोराला मराठी परकी. पुस्तकांच्या पेट्या येतात, सगळ्या मराठीत, शहरातल्या फ्लॅटमधल्या गोष्टी. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर गोंडीतल्या गोष्टी आहेत, देवनागरीत, मोफत. मी छापून, शिवून वापरतो. पण एक अडचण अशी आली की त्यातली गोंडी आमच्या गावच्या गोंडीहून थोडी वेगळी. म्हाताऱ्यांना दाखवली, ते हसले, म्हणाले हे छत्तीसगडकडचं बोलणं. मग त्यांनीच शब्द बदलून सांगितले, पोरांनी पेनानं वर लिहिले. ती खोडलेली प्रत आता आमच्या पेटीतली सगळ्यात जास्त वाचली जाणारी आहे, कारण कोणाच्या आजोबांनी कोणता शब्द दिला हे पोरांना माहीत आहे.

भागीदारी म्हणजे काय, यावर एक उदाहरण देतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळालेलं गाव. लोकांना तेवढंच माहीत असतं. पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं तिथं अभ्यासगट चालत होते. गावकरी बसून एखादा विषय, कायदा, कागद समजून घ्यायचे, बाहेरच्या माणसाला मदतीला बोलवायचे आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीनं ठरवायचे. ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकात हे येणार नाही, पण वाचन कशासाठी याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. वाचनालय असं ग्रामसभेच्या गरजेला जोडलं गेलं तर त्याला कोणी बंद पाडू शकत नाही.

आमच्या जिल्ह्यात पोलिसांनीही "एक गाव, एक वाचनालय" उपक्रम चालवलाय, इमारती झाल्यात, काही ठिकाणी पोरं चांगली बसतात. पण मला वाटतं की किल्ली ग्रामसभेकडं असावी.

पेसा गावांना (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्याखालची गावं) आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध, म्हणजे कामाची अट नसलेला निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. पांदणवाटसर, तुमचा कोलाम पोड पेसात आहे का पाहा. असेल तर विषय पोडाच्या सभेतून येऊ द्या, वाचनालयाच्या मंडळातून नको.

झुणका_वऱ्हाडी

सर, तुमचं वाचून बरं वाटलं. पन आमच्याकडं ग्रामसभेत कोरम भरत नाई, अन् तुमी सर्वसहमती म्हनून राह्यले!

ऐकीव_वाचक (वर्धा)

थोडक्यात लिहितो, फोनला बोलून टाइप करतोय, चुका समजून घ्या.

मला दिसत नाही. माडीवरच्या वाचनालयात गेलो तर मला हात धरून वर नेतात आणि मग कोणालाच कळत नाही की माझं काय करायचं. सुगम्य पुस्तकालय नावाची ऑनलाइन सोय आहे, अंधांना वाचता-ऐकता येतील अशी पुस्तकं त्यात आहेत. वाचनालयात एक स्मार्टफोन, इअरफोन आणि नोंदणी कशी करायची ते माहीत असलेला एक माणूस, एवढं पुरे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. पण गंमत अशी की रॅम्प बांधतात, तो तळमजल्यावरच्या कार्यालयाला. वाचनालय वरच!

खाली जागा मागा. त्याचा फायदा मला होईलच, सीआरपीताईंच्या त्या म्हाताऱ्या आजीलाही होईल.

रानवाटेचा

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी फासेपारधी समाजातला, बेड्यावरच वाढलेला, पदवी झाली.

पहिल्या पोस्टमध्ये आमचा बेडा आला म्हणून बोलतो. १८७१ च्या कायद्यानं आम्हाला गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला ३१ ऑगस्टला तो ठप्पा काढला. कागदावरून काढला. गावात काही हरवलं की गाडी अजून बेड्यावरच येते. अशा माणसाला तुम्ही म्हणता जामीनदार आण. आणि पुस्तक फाटलं, हरवलं तर काय बोललं जाईल ते आम्हाला आधीच माहीत असतं. म्हणून बेड्यावरची आई पोराला सांगते, दुसऱ्याची वस्तू घरात आणू नको. आता हे "वाचनाची आवड नाही" मध्ये मोजा.

पुस्तकाआधी आमच्याकडं दुसरी गोष्ट पाहिजे. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, रेशनकार्ड, जन्माची नोंद. पोराचं नाव दहावीत अडतं ते यामुळं. वाचनालयातल्या कोणी आठवड्यातून एकदा येऊन फॉर्म वाचून समजावला तर बेड्यावरचे लोक तुम्हाला ओळखतील. मग पुस्तकं आणा. फोटो काढू नका. बातमी देऊ नका.

आणि पुस्तकांचं प्रेम आमच्याकडं नाही असं समजू नका. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला पारधी मुलांची प्रश्नचिन्ह शाळा आहे, समाजातल्याच माणसानं उभी केलेली. तिथं वाचनालय होतं. समृद्धी महामार्गात ते पाडलं गेलं. त्या वेळी वाचनप्रेमी मंडळी फारशी बोलल्याचं मला आठवत नाही.

मृगबहार

रानवाटेचा, प्रश्नचिन्ह शाळेचं ठाऊक होतं. वाचनालयाचं नव्हतं.

सीआरपी_ताई

दादा, आमच्या गटातल्या दोघी जणी दाखल्याचे फॉर्म भरण्यात तरबेज आहेत. तुमचा बेडा आमच्या तालुक्यात असेल तर निरोप टाका. फोटो काढणार नाही, शब्द.

पांदणवाट

काल मंडळाची सभा झाली. जे झालं ते सांगतो, जे नाही झालं तेही.

घटना काढली. कपाट काकांनी म्हटलं तसंच निघालं, अनामत मंडळाच्या अखत्यारीत. वयाच्या अठरापर्यंत अनामत माफ. बचत गट, विहार, तांडा किंवा पोडाची पंचमंडळी यांपैकी कोणीही हमी दिली तर मोठ्यांनाही माफ. जामीनदाराची अट रद्द. यावर भांडण झालं, पण झालं.

वेळ डिसेंबरअखेरपर्यंत संध्याकाळी सात ते नऊ. ग्रंथपालाला जास्तीच्या वेळेचे पैसे कुठून द्यायचे यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. सध्या मंडळातल्या पाच जणांनी वर्गणी काढायचं ठरलं. हे किती दिवस चालेल, मला शंका आहे.

टेबल बाजूला सरकवलं. हे ठरावाशिवायच झालं. सभा संपल्यावर मी आणि ग्रंथपालानं उचललं.

दोन पेट्या मंजूर. एक विहारात, एक गटाकडे. पोडाचं पोडाच्या सभेनंतर. पोड पेसात आहे का, तहसीलमधून यादी मागवली आहे.

तळमजल्याची जागा सरपंचांनी "बघू" म्हटलं.

मतासकट जागा मिळाली नाही. दोन स्वीकृत सदस्य घेऊ म्हणाले, मताशिवाय. मी विरोध नोंदवून इतिवृत्तात लिहायला लावला. बेड्यावर पेटी न्यायचा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य उठून गेले. त्यामुळे तिथं सध्या पेटी नाही, रानवाटेचा म्हणतात तसं फॉर्मपासून सुरू करायचं ठरवलंय, मी आणि तांड्यावरचे एक शिक्षक मिळून. तेही वैयक्तिक, वाचनालयाच्या नावावर नाही.

पिंपळपार

मताशिवाय आम्ही येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. विहारातल्या पोरांशी बोललो, पेटी घेऊ, अदलाबदल करू. मंडळावर पुढच्या निवडणुकीला बोलू. त्याआधी आमची चाळीस-पन्नास जणं रीतसर सभासद होतील. अनामत तुम्ही माफ केलीच आहे. 🙂

झुणका_वऱ्हाडी

हे झालं खरं! मतदारयादीच बदलून टाकता बावा तुमी. अन् थे उठून गेलेले काका त पुन्हा येतील, चहा फुकट असते ना.

कपाट नं. ७

पिंपळपार, घटनेत मतदानाआधी किती काळाचं सभासदत्व लागतं ते पाहून आजच अर्ज भरा. पावती घ्या, पावतीवर तारीख घ्या. ही तारीख नंतर हरवते, तिची एक छायाप्रत स्वतःकडं ठेवा.

सचिवसाहेब, पेटीतल्या पुस्तकांची वेगळी देवघेव वही करा. दाखल नोंदवहीत (नवं पुस्तक आलं की ज्यात चढवतात ती) फक्त शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलनं "पेटी १", "पेटी २" लिहा. तपासणीला अधिकारी आले आणि कपाटात पुस्तकं दिसली नाहीत तर ती गहाळ धरतील, म्हणून पेट्यांचा ठराव त्याच फाइलला लावून ठेवा. आणि पेटीतली दहा पुस्तकं हरवणारच आहेत, पहिल्या वर्षी निर्लेखनाची, म्हणजे हरवलेली पुस्तकं नोंदीतून कमी करायची तरतूद आधीच करून ठेवा, म्हणजे त्यावरून पुन्हा कोणाचं नाव निघणार नाही.

पांदणवाट

वही आणली. पेट्या पुसदला टाकल्यात करायला, पत्र्याच्या, कुलूप लावायची सोय असलेल्या. प्रत्येकी दोन किल्ल्या सांगितल्या आहेत.

मोहफूल सर, गोंडी गोष्टी छापायला आणि शिवायला कागद कोणता वापरता? आमच्या पोडात कोलामी बोलतात, ते आमच्याकडच्या आजी-आजोबांकडूनच लिहून घ्यावं लागेल असं दिसतंय.

मोहफूल

साधा ए-४, मध्ये दुमडायचा, पाठीला जाड दोऱ्याचे तीन टाके. स्टेपल गंजते. डावं पान कोरं सोडा, आजोबा बरंच बोलतात.